गाठीखालचं पाणी

पोहरा वर आला की आधी त्यात बोट बुडवून जिभेला लावायचं आणि मगच रांगेतल्या कळशीत ओतायचं, असा नेम तिनं वादळानंतर धरला होता. पाणी गोड होतं. दर खेपेला गोडच निघत होतं. तरी दर खेपेला तिचा जीव जिभेच्या शेंड्यावर यायचा.

समुद्र गावात शिरून गेला होता. वाऱ्याच्या पाठीवर बसून आला, खिडक्यांपर्यंत चढला आणि उजाडायच्या आत चोरासारखा मागं सरला. जाताना छपरं नेली, होड्या नेल्या, गुरं नेली, माणसंही नेली. मागं ठेवलं ते मीठ. शेतांवर पांढरा थर बसला आणि गावातल्या विहिरी एकजात खाऱ्या झाल्या.

एक तेवढी वाचली. चर्चच्या मागं वाळूचा उंचवटा होता. त्यावर तिचं घर, घरापुढं विहीर आणि विहिरीपलीकडं रोपांचे वाफे. लाटा उंचवट्याच्या पायाशी येऊन थबकल्या होत्या. वाऱ्यानं मात्र घराचं छप्पर उचललं, एक भिंत पाडली आणि त्या भिंतीखाली तिच्या नवऱ्याचा उजवा हात सापडला. पण विहीर आणि वाफे होते तसे राहिले.

रोपं हाच त्या घराचा धंदा. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी. बी पेरायचं, वीतभर वाढवायचं आणि शेतकऱ्यांना द्यायचं. आता पावसानं शेतं धुऊन निघाली की सगळं गाव लागवडीला उठणार होतं, आणि रोप फक्त यांच्याकडं होतं. "ही रोपं जगली तर आपण जगलो," नवरा चर्चच्या सभागृहात पडल्या पडल्या म्हणाला होता. त्याचा हात फळीला बांधलेला होता. "छप्पर नंतर बघू. तू वाफ्यांना पाणी चुकवू नको."

"नाही चुकवत."

"आणि गाठ सांभाळ."

गाठ म्हणजे दोराला बांधलेली काळी चिंधी. तिच्या सासूनं बांधलेली. पोहरा पाण्याला टेकायच्या आधी गाठ कप्पीला लागली, की त्या दिवसाचं पाणी संपलं. मग घराला आग लागली तरी उपसा नाही. सकाळपर्यंत पाणी पुन्हा वर चढायचं. का, ते सासूनं कधी सांगितलं नाही. "उद्याचं उद्या," एवढंच म्हणायची आणि पोहरा काठावर उपडा घालायची. गावानं त्या घराला 'मोजपाणी' असं नाव ठेवलं होतं. मोजपाण्याकडं पाहुणा गेला तर घसा कोरडा घेऊन परत येतो, म्हणायचे. ही सून म्हणून आली तेव्हा पहिल्या आंघोळीला तिला अर्धी बादली मिळाली होती. केसांतला साबण तसाच राहिला. तो चिकटपणा तिला इतक्या वर्षांनीही आठवायचा.

रांग आता विहिरीपासून चर्चच्या मागच्या दारापर्यंत गेली होती. गावातली निम्मी घरं चर्चमध्येच राहायला आली होती. चर्चच्या मंडळीतली आणि मंडळीबाहेरची, सगळी एकाच छपराखाली. बाक भिंतीला लावून अंथरुणं घातली होती. गायक मंडळी बसायची त्या चौथऱ्यावर चुली मांडल्या होत्या. शाळेतली मास्तरीणबाई सगळ्यांवर देखरेख करायची. कमरेला ओचा खोचलेला, घसा बसलेला. भांडी तिची, पीठ तिचं, पाणी मात्र विहिरीवालीचं.

दुपारी गाठ कप्पीला लागली.

तिनं दोर थांबवला. रांगेत पहिली उभी होती ती शिंप्याची बायको, काखेत तान्हं मूल घेऊन.

"आजचं झालं," ती हळू आवाजात म्हणाली.

"झालं म्हणजे?"

"उद्या सकाळी."

शिंपिणीनं कठड्यावरून वाकून पाहिलं. "अगं, खाली पाणी दिसतंय की! आकाश दिसतंय त्यात."

"गाठ लागली ना."

"गाठ!" शिंपीण मागं वळून रांगेला म्हणाली, "ऐकलंत का? समुद्रानं गाव गिळलं, पण मोजपाण्याची गाठ काही सुटली नाही. सासू मेली, पण माप ठेवून गेली."

कुणीतरी हसलं. हसण्यात विष नव्हतं, दमलेलं हसणं होतं. पण तिला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. ती पोहरा उपडा घालायला गेली. तिचे तळवे सोलवटले होते. सकाळपासून दोर ओढून बोटांच्या मुळाशी फोड आले होते आणि ते फुटून दोर ओला झाला होता. शिंपिणीची नजर त्या हातांवर गेली. ती ओशाळली, पण शब्द मागं घेतला नाही. बाळ काखेत किरकिरत होतं. त्याला दोन दिवस जुलाब होत होते.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती नेहमीप्रमाणे दाराजवळच्या कोपऱ्यात बसली. तिथं तिची जागा ठरलेली. पुढं जाऊन बसावं असं तिला कधी वाटलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. पाळकसाहेबांचा कोट चिखलानं वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. त्यांनी ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी प्रार्थना केली, जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी केली. मग थांबून म्हणाले, "आणि आपल्या मागच्या दारी ज्या बहिणीची विहीर आहे, तिच्यासाठी आपण आभार मानू. आज आपण जिवंत आहोत ते तिच्या हातांनी."

माना वळल्या. इतक्या माना तिच्याकडं तिच्या लग्नातही वळल्या नव्हत्या. तिनं पदर तोंडाशी धरला. आत कुठंतरी लहानपणी जत्रेत हरवून सापडल्यावर आलं होतं तसं रडू आलं.

प्रार्थना संपल्यावर मास्तरीणबाई जवळ येऊन बसली. "एक विचारू? रागावू नको."

"विचारा की, बाई."

"ती पोरं आजारी पडताहेत ती हात न धुतल्यानं. भांडी खाऱ्या पाण्यात विसळतोय आपण. मला दुपारनंतर आणखी पाणी हवंय. फार नाही. तू जेवढं देतेस त्याच्या निम्मं आणखी." मास्तरीणबाईनं तिचा हात हातात घेतला, फोड पाहिले आणि सोडून दिला. "नसेल जमत तर राहू दे. तुझ्या घरची रीत मला ठाऊक आहे."

त्या शेवटच्या वाक्यानं काम केलं. 'तुझ्या घरची रीत.' मास्तरीणबाईनं ते मायेनं म्हटलं होतं. पण तिला त्यात शिंपिणीचं हसू ऐकू आलं.

सकाळी तिनं गाठ सोडली. इतक्या वर्षांची ती गाठ दगड झाली होती. नखांनी सुटेना. शेवटी दातांनी ओढली. चिंधी सुटून आली. तिला शेवाळाचा वास येत होता. तिनं ती कुंपणाच्या तारेला अडकवली.

सासरा अंगणात खाटेवर बसला होता. सगळे त्याला आबा म्हणत. दिसायचं कमी, ऐकायचं त्याच्या मनावर. "काय केलंस?"

"गाठ सोडली."

"बांध परत."

"का बांधू, आबा?"

तो ओठ हलवत राहिला. "ती बांधायची," तो म्हणाला. "तिच्या आधी माझी आई बांधायची."

आबाचं 'नको' म्हणजे कोंबड्याचं आरवणं, रोजचंच. चर्चचा मनोरा उंच करायचा तर आबा नको म्हणाला होता. वीज आली तेव्हा नको म्हणाला होता. त्याचं ऐकलं असतं तर गाव अजून दिवटीवर असतं. तिनं दोर सोडला. उपसता उपसता दुपारी, जिथं गाठ असायची ती जागा कप्पीवरून पलीकडं गेली आणि काही झालं नाही. कप्पी नेहमीसारखीच कुरकुरली. पोहरा वर आला. तिनं जिभेला लावलं.

गोड.

"बघा," ती आबाला म्हणाली. "गोडच आहे. इतकी वर्षं नुसतं घाबरून मेलो आपण."

ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. गाव उघड्यावर पडलेलं, नवऱ्याचा हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला. आणि तरी ती पहाटे उठायची ती हलक्या पावलांनी. बायका तिला 'अगं विहिरीवाले' अशी लांबून हाक मारायच्या. शिंपिणीच्या बाळाचे जुलाब थांबले. शिंपीण कळशी भरून घेताना म्हणाली, "माझी जीभ म्हणजे कात्री. धंद्याचा गुण लागतो."

"कापलंस तरी शिवतेस ना," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पण हात हात होते. चिंध्या गुंडाळल्या तर चिंध्या रक्तानं दोराला चिकटायच्या. उजवा खांदा उखळासारखा जड झाला. नवरा एका हातानं ओढायला आला, तर दोराचा हिसका बसून फळीतला हात असा दुखला की तो कठड्याला टेकून ओकला. मंडळीतले पुरुष मदतीला यायचे, पण त्यांना प्रेतं शोधायची होती, रस्ता मोकळा करायचा होता. ते यायचे आणि हाक आली की जायचे.

अशात ट्रक आला.

लांबच्या शहरातल्या मंडळ्यांनी मिळून तो पाठवला होता. त्यात घोंगड्या होत्या, औषधं होती, आणि कपड्यांचे गठ्ठे, ज्यात एक लग्नाचा झगाही निघाला. तो मास्तरीणबाईनं जखमा बांधायला फाडला. आणि एक डिझेलचा पंप होता. पंपाबरोबर एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस आला होता. गिरणीत मशीन दुरुस्त करायचा. रजा काढून आला होता. सगळे त्याला पंपवाला म्हणू लागले. काम करताना तो स्तोत्रं गुणगुणायचा, तीही बेसूर.

तो विहिरीवर आला आणि आधी तिच्याकडं पाहिलं. "ताई, हात दाखवा."

तिनं हात पाठीमागं नेले.

"दाखवा ना. मी तीन बहिणींचा भाऊ आहे, मला लाजू नका." तिनं हात पुढं केले. त्यानं चिंध्या पाण्यानं भिजवून भिजवून सोडवल्या. त्याचा चेहरा कसनुसा झाला. खिशातली मलमाची डबी काढून त्यानं स्वतः मलम लावलं, फुंकर घालत, लहान मुलाला लावतात तसं. "आता या दोराला हात लावायचा नाही. आपण हे काम मशीनला देऊ. तुम्ही फक्त 'हो' म्हणा. विहीर तुमची आहे."

कुणी विचारलं नव्हतं तिला आयुष्यात असं. 'विहीर तुमची आहे.'

"हो," ती म्हणाली.

आबा खाटेवरून उठला होता. भिंत चाचपत तो विहिरीपर्यंत आला आणि कठड्यावर बसला. पाय आत सोडून. ट्रकबरोबर मदतीला आलेली, पिवळी जाकिटं घातलेली पोरं काळा पाइप घेऊन उभी राहिली.

"आजोबा, पडाल. बाजूला व्हा."

"नाही व्हायचं."

"पाइप सोडायचाय हो."

"माझ्या घरात बाईनं पाणी काढायचं, हातानं काढायचं. मशीन नको."

"आजोबा, सुनेचे हात बघा तरी."

"बघितलेत. माझ्या बायकोचेही असेच होते."

पंपवाला त्याच्यासमोर उकिडवा बसला. "आजोबा, कारण सांगा. मी ऐकतो. कारण असेल तर पंप उचलून ट्रकमध्ये टाकतो."

सगळे थांबले. पाळकसाहेबही येऊन उभे होते. आबाचे ओठ हलत राहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण आठवत नव्हतं म्हणून, की कधी माहीतच नव्हतं म्हणून, कोण जाणे. "ती गाठ बांधायची," तो म्हणाला. "गाठ होती ना. उगीच बांधेल का ती?"

"उगीचच!" ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "चिक्कूपणा, दुसरं काय! पोटच्या पोराला पाणी मोजून द्यायची बाई ती. मला केस धुवायला पाणी दिलं नाही तिनं. आज गाव मरतंय, आणि तुम्ही तिची गाठ घेऊन बसलात. लाज नाही वाटत?"

पोरांनी खाली पाहिलं. पाळकसाहेब खाकरले. मेलेल्या सासूला सगळ्या मंडळीदेखत असं बोलणं झालं होतं. आबानं तिच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. मग पाय एकेक करून बाहेर घेतले आणि कुणाचा हात न धरता, भिंत चाचपत खाटेकडं गेला. खाट त्यानं विहिरीकडं पाठ करून फिरवून घेतली.

पंप सुरू झाला तेव्हा टाळ्या पडल्या. पाण्याची मनगटाएवढी धार टाकीत पडू लागली आणि मुलं अंगावरचे कपडे काढून खाली उभी राहिली. धुराचा आणि ओल्या मातीचा वास सुटला. तिनं मलम लावलेले तळवे वर उचलून धारेखाली नुसती मनगटं धरली आणि त्यांवरचं पाणी जिभेनं टिपलं. गोड होतं. त्या दिवशी तिनं केस धुतले. भरपूर पाण्यानं धुतले. शिंपिणीनं वरून तांब्यामागून तांब्या ओतला आणि म्हणाली, "घे, सासूच्या वाटचंही घे."

पंप दिवसभर चालायचा. भांडी धुतली गेली, अंथरुणं धुतली गेली. शेजारच्या वाड्यांतून लोक पिंपं घेऊन येऊ लागले. पाळकसाहेबांनी कुणाला परत पाठवलं नाही. शनिवारी मंडळीनं मिळून चर्च धुतलं. भिंतींवरचा गाळ, बाकांखालचा गाळ, पायऱ्यांवरची रेती. नळी धरायला पोरांची झुंबड उडाली. उद्याची उपासना स्वच्छ जागेत व्हावी, अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि त्यात वाईट काय होतं? शेवटी ट्रकही धुतला. तिनंही नळी वाफ्यांवर नेली. नेहमी ती रोपांच्या मुळाशी तांब्यानं घालायची. आता नळीनं न्हाऊ घातलं. नवरा झोळीतला हात सांभाळत वाफ्याशी उभा होता.

"जरा जास्तच होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे. तीही तहानलेलीच होती माझ्यासारखी."

रविवारी पाळकसाहेबांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. बाक अजून ओलसर होता. तिचं लुगडं मागून भिजलं, पण ती हलली नाही.

सोमवारी चहाचं दूध फाटलं.

मास्तरीणबाई म्हणाली, दूधच शिळं असेल. आणि पातेलं बाजूला ठेवलं. दुसरं दूध घातलं, तेही फाटलं. मग साबणाला फेस येईना. मग शिंपिणीच्या बाळानं चमचा जिभेनं बाहेर ढकलला, पुन्हा दिला तर पुन्हा ढकलला आणि तोंड वेडंवाकडं करून रडलं. शिंपिणीनं चमचा स्वतःच्या तोंडात घातला. तिनं आरडाओरडा केला नाही. ती चमचा घेऊन उंचवट्यावर आली. विहिरीवाली वाफ्याशी वाकली होती.

"चाखून बघ," शिंपीण म्हणाली.

तिनं चाखलं. नंतर विहिरीकडं धावली, पाइपाचं तोंड हातात धरलं, धार तोंडात घेतली. थुंकली. पुन्हा घेतली. वादळाच्या सकाळी अंगणात उभं राहिल्यावर ओठांवर जी चव आली होती, तीच.

"बंद करा!" ती ओरडली. "पंप बंद करा!"

पंपवाल्यानं पंप बंद केला. इतके दिवस कानात भरून राहिलेला आवाज थांबला आणि चर्चमधली पोरं रडताहेत ते एकदम ऐकू येऊ लागलं. तो कठड्यावर वाकून पाहत राहिला. स्तोत्र त्याच्या तोंडातच राहिलं होतं. मग म्हणाला, "ताई, चूक माझी झाली."

"काय झालं ते सांगा."

"समुद्राजवळच्या वाळूत खाली सगळं खारंच असतं. त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी राहतं. दुधावर साय असते ना, तसं. सावकाश काढलं तर साय पुन्हा धरते. आपण..." त्यानं पंपाकडं पाहिलं. "आपण साय ओरबाडली. खालचं वर आलं. मी गिरणीतला माणूस, ताई. मला यंत्र कळतं. विहीर कळत नाही."

"परत गोडं होईल?"

"चांगले पाऊस झाले तर. एका वर्षात होईल, चार वर्षांत होईल. कदाचित..."

खाटेवर आबा पाठ करून बसला होता. तिला वाटलं, आता तो वळेल, बोलेल, जन्मभराचं साठलेलं ओकेल. तिला ते हवं होतं. आबा वळला नाही.

रोपं एकदम मेली नाहीत. आधी पानांच्या कडा तांबूस झाल्या, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या. मग मिरचीनं माना टाकल्या. तिनं वरची माती खरवडून काढली, पडलेल्या भिंतीपलीकडून टोपलीनं कोरडी माती आणून घातली. ट्रकमधून आलेल्या बाटल्यांतलं पाणी मागून आणलं आणि टोपणा-टोपणानं मुळाशी घातलं. मास्तरीणबाईनं दोन बाटल्या दिल्या. तिसरी मागितली तेव्हा म्हणाली, "पोरांना लागतं गं," आणि डोळे पुसत आत गेली. शेवटी वांगीही गेली. नवऱ्यानं डाव्या हातानं एक रोप उपटलं. मुळाशी पांढरी खपली होती. ती त्यानं नखानं काढली आणि रोप परत खड्ड्यात उभं केलं, माती दाबली. त्याला कळत होतं. तरी त्यानं ते केलं.

"मी म्हटलं होतं, गाठ सांभाळ," तो म्हणाला. बस, तेवढंच. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

मंडळी काही हातावर हात ठेवून बसली नाही. पाळकसाहेब चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, दोन दिवस तिथं बसले आणि टँकर घेऊन आले. टँकर उंचवट्यापर्यंत चढेना, म्हणून चुली रस्त्याच्या कडेला हलल्या. माणसंही हळूहळू तिकडं ताडपत्रीखाली हलली. चर्च रिकामं झालं. स्वच्छ, धुतलेलं, रिकामं. पंप ट्रकमध्ये चढवला. किनाऱ्यावरच्या पुढच्या गावातही एक गोडी विहीर उरली होती म्हणे.

ती ट्रकच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. "भाऊ, तिथं हे लावू नका."

"नाही लावणार," पंपवाला म्हणाला. मग कपाळ पुसत म्हणाला, "मी सांगेन त्यांना. पण तिथं माणसं जास्त आहेत, ताई. तुमच्यापेक्षा तिप्पट. आणि सगळी तहानलेली." तो ट्रकमध्ये चढला. त्यानं मलमाची डबी खिडकीतून तिच्या हातात ठेवली. हात बरे झाले होते तिचे. आता त्यांना काही काम नव्हतं.

टँकरच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा तिच्यापुढं शिंपीणच होती. शिंपिणीनं तिला पुढं घेतलं. टोमणा नाही, हसू नाही. लोक तिच्यासाठी जागा करायचे, सुतकातल्या माणसाला करतात तशी. 'विहिरीवाले' अशी हाक तर कुणीच मारेना. जिभेवर यायची आणि गिळली जायची. नळावर पिवळ्या जाकिटातलं नवं पोर बसलं होतं. "काकू, घर कुठलं तुमचं?"

"चर्चमागचं," ती म्हणाली.

"तिथं विहीर होती ना?"

"होती."

रविवारी ताडपत्रीखाली उपासना झाली. पाळकसाहेबांनी गरजवंतांसाठी प्रार्थना केली. ज्यांची माणसं गेली, ज्यांच्या होड्या गेल्या. "आणि आपली जी बहीण," ते म्हणाले, "तिच्या घरासाठी." या वेळी माना वळल्या नाहीत. सगळे मातीकडं बघत राहिले. ती आमेन म्हणायला विसरली.

कळशी डोक्यावर घेऊन ती उंचवटा चढली तेव्हा ऊन कलंडलं होतं. कुंपणाच्या तारेवर ती काळी चिंधी अजून फडफडत होती. नवरा कामाला गेला होता. एका हातानं ढिगारे उचलायला, मिळेल ते. आबा वाफ्यांच्या कडेला बसला होता, सावलीला. तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं पेला पुढं केला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. पेलाच पुढं करायचा.

तिनं कळशी कलती केली. अर्धा पेला भरल्यावर हात आपोआप थांबला.

आबानं पेला हलवून पाहिला. अजमावला. तसाच धरून राहिला.

"उद्याला पाहिजे, आबा," ती म्हणाली. "टँकर येईल न येईल. उद्याचं..."

पुढचा शब्द तिनं तोंडात धरला. आबाची मान तिच्याकडं वळली. अंधुक डोळ्यांनी तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. कुणीतरी फार दिवसांनी दारात येऊन उभं राहावं, असा त्याचा चेहरा झाला.

"उद्या," तो म्हणाला.

मग तो दोन घोट प्याला. उरलेलं पाणी त्यानं पेल्यात फिरवलं, हातानं वाफा चाचपला, बोटांना एक रोप लागलं ते धरलं आणि पेला त्याच्या मुळाशी उपडा केला. नवऱ्यानं उपटून परत लावलेलं ते वांग्याचं रोप होतं. काडी झाली होती त्याची.

"मेलंय ते, आबा."

"मला दिसत नाही," आबा म्हणाला, आणि ओल्या मातीवरून हात फिरवत राहिला.